डब्यात पाणी, ट्रेमध्ये बर्फ: सरबताच्या दुकानातले एक प्रकरण

एप्रिल-मे महिन्यांत गिरगाव, दादर, लालबागकडच्या सरबताच्या छोट्या दुकानांना सकाळी सातच्या आत फोडलेला बर्फ तयार लागतो. लिंबू सरबत, कोकम, पियूष यांच्या पेल्यात थेट पडणारा बर्फ खाण्याचाच असायला हवा. ससून डॉकवर किंवा भाऊच्या धक्क्यावर मासळीसाठी जी लादी येते, ती इथे चालत नाही. न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात 2018 पासून आहे तो याचसाठी. खाण्याचा बर्फ रोज वेळेवर मिळेलच असे नाही, म्हणून पुष्कळ दुकानदार गाळून, उकळून, निववलेले पाणी रात्री स्वतःच्याच डीप फ्रीझरमध्ये ठेवतात. आणि सकाळी झाकण उघडल्यावर तक्रार ठरलेली असते: वर बर्फ, आत पाणी.

या लेखातले प्रकरण अशाच एका दुकानाच्या नमुन्यावर मांडले आहे. वेळा गणिताने काढल्या आहेत. दारे किती वेळा उघडली, फ्रीझर किती भरलेला आहे यावरून प्रत्यक्षात तास-दीड तास इकडेतिकडे होईल, पण भांड्याभांड्यांतला फरक तोच राहील.

मांडणी अशी. वरून झाकण उघडणारा, सुमारे 500 लिटरचा आडवा फ्रीझर. आतली हवा उणे 18 अंश. रात्री दहा वाजता 12 लिटर पाणी तीन उभ्या स्टीलच्या डब्यांत ठेवले जाते. प्रत्येक डब्यात 4 लिटर, डब्याचा व्यास 16 सेंटिमीटर, पाण्याची उंची 20 सेंटिमीटर. मे महिन्यात नळाचे पाणी 28 अंशांच्या आसपास असते, उकळून निवले तरी तेवढेच. सकाळी साडेसहाला बर्फ काढायचा, म्हणजे हातात साडेआठ तास.

साडेसहाला डबा उघडला की काठावर आणि वर सेंटिमीटरभर जाडीचे कवच दिसते. सुरी खुपसली की आतून पाणी उसळते. 4 लिटरपैकी जेमतेम एक तृतीयांश गोठलेले असते. बारा लिटर पाण्यातून हाती येतो चार किलोच्या आसपास बर्फ, तोही डब्याच्या आकाराचे पोकळ भांडे असावे तसा.

यावर पहिला संशय फ्रीझरवर जातो. 'कूलिंग कमी झाले', 'गॅस कमी झाला असेल' म्हणून मेकॅनिकला बोलावले जाते, थर्मोस्टॅटचे बटण शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवले जाते. हवा उणे 18 ला टिकत असेल तर यंत्राचा यात काही दोष नाही. चार-पाचशे रुपयांचा थर्मामीटर फ्रीझरमध्ये लटकवला तर हा संशय एका रात्रीत मिटतो. गॅस भरायला पैसे देण्याआधी ते जरूर करावे.

उष्णतेचा हिशेब पाहू. एक किलो पाणी 28 अंशांवरून शून्यावर आणायला सुमारे 117 किलोज्यूल उष्णता काढावी लागते. शून्यावर आल्यावर त्याचा बर्फ व्हायला आणखी 334 किलोज्यूल. म्हणजे थंड होण्यापेक्षा गोठण्यालाच जवळजवळ तिप्पट उष्णता काढावी लागते. पाणी हाताला बर्फासारखे गार लागत असले तरी तीन चतुर्थांश काम अजून शिल्लक असते. 4 लिटरच्या एका डब्याचे हे एकूण 1805 किलोज्यूल होतात, बारा लिटरचे 5.4 मेगाज्यूल.

ही उष्णता भांड्याच्या पृष्ठभागातूनच बाहेर जाते. दुसरी वाटच नाही. फ्रीझरमधली हवा स्थिर असते आणि स्थिर हवा उष्णता फार हळू उचलते: हवेचे वाहणे आणि थंड भिंतींकडे जाणारे उत्सर्जन मिळून दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागे साधारण 8 ते 10 वॉट. पुढचे आकडे 10 धरून काढले आहेत. जिथे 8 धरणे शहाणपणाचे आहे तिथे तसे सांगितले आहे.

उभ्या डब्यातल्या पाण्याला वर, खाली आणि सभोवार मिळून 0.14 चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. झाकण काढलेले आणि डबा जाळीवर, सगळीकडून मोकळा धरला तरी पाणी शून्यावर यायलाच तीन तास लागतात. पुढे पूर्ण गोठायला साडेसतरा तास. एकूण वीस तासांच्या वर. साडेआठ तासांत तो गोठणे शक्यच नव्हते.

तेच 4 लिटर पाणी 40 बाय 25 सेंटिमीटरच्या सपाट ट्रेमध्ये ओतले तर खोली 4 सेंटिमीटर होते आणि पृष्ठभाग 0.25 चौरस मीटर. पाणी तेवढेच, फ्रीझर तोच, आणि वेळ साडेवीस तासांवरून साडेदहा तासांवर. खोली 2 सेंटिमीटर ठेवून दोन ट्रे केले तर साडेपाच-पावणेसहा तास. उलट टोकाला जायचे तर गोल भांडे: 4 लिटरच्या गोळ्याला फक्त 0.12 चौरस मीटर पृष्ठभाग असतो. तितक्याच पाण्याला याहून कमी पृष्ठभाग देणारा आकार अस्तित्वात नाही. म्हणून कळशी, घागर, गोल बरणी ही बर्फ करायला सगळ्यांत वाईट भांडी. शिवाय त्यांचे तोंड अरुंद असल्याने ती फुटतात, त्याविषयी पुढे.

गोठण्याच्या वेळेचे गणित जर्मन शीतकरण अभियंता रुडॉल्फ प्लँक यांनी 1913 मध्ये मांडलेल्या सूत्रावरून करतात. त्या सूत्रात वेळेचे दोन भाग असतात. एक भाग पृष्ठभागावरून हवेत उष्णता जाण्याचा, तो जाडीच्या पटीत वाढतो. दुसरा भाग तयार झालेल्या बर्फाच्या थरातून उष्णता बाहेर येण्याचा, तो जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. 'जाडी दुप्पट तर वेळ चौपट' हे वाक्य बर्फाच्या धंद्यात पुष्कळांच्या तोंडी असते. ते बर्फाच्या कारखान्यात खरे आहे, डीप फ्रीझरमध्ये नाही. कारखान्यात पत्र्याचे साचे उणे दहा अंशांच्या आसपासच्या हलत्या खाऱ्या पाण्यात बुडवलेले असतात. खारे पाणी उष्णता इतक्या वेगाने उचलते की खरा अडथळा आतल्या बर्फाच्या थराचाच उरतो, आणि जाडीचा वर्ग लागू होतो. डीप फ्रीझरमधल्या स्थिर हवेत मात्र अडथळा बाहेरच असतो. आपल्या उभ्या डब्याच्या गोठण्याच्या साडेसतरा तासांपैकी जवळजवळ पंधरा तास हवेमुळे जातात आणि बर्फाच्या थरामुळे तीनाहूनही कमी. 4 सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये तर बर्फाच्या थराचा वाटा जेमतेम अर्ध्या तासाचा. म्हणून दुकानदाराने जाडीचा वर्ग विसरावा आणि एकच गोष्ट मोजावी: प्रत्येक लिटर पाण्यामागे थंड हवा लागणारा पृष्ठभाग किती.

'थंड हवा लागणारा' हे शब्द इथे सगळ्यांत महत्त्वाचे आहेत, आणि डब्याऐवजी ट्रे आणूनही बहुतेक जण याच ठिकाणी फसतात. ट्रे घेतला, 4 सेंटिमीटर पाणी भरले आणि फ्रीझरच्या तळावर ठेवला. पुष्कळ आडव्या फ्रीझरमध्ये थंड करणारी नळी बाजूच्या भिंतींत असते, तळात नसते. ट्रेचा खालचा पृष्ठभाग तळाला चिकटला की तिथून फारशी उष्णता जात नाही. पृष्ठभाग 0.25 वरून 0.15 चौरस मीटरवर येतो आणि साडेदहा तासांचे काम सव्वाअठरा-साडेअठरा तासांवर जाते. म्हणजे उभ्या डब्यापेक्षा फक्त दोनेक तासांची बचत! सकाळी पुन्हा तेच अर्धवट पाणी दिसते आणि 'ट्रेने काही फरक पडत नाही' असा निष्कर्ष निघतो. एकावर एक ट्रे चिकटवून रचले तर याहून वाईट, कारण पाच पातळ ट्रे मिळून पुन्हा एक जाड ठोकळाच तयार होतो.

याला उपाय म्हणजे तारेचे स्टँड. भांडी वाळत घालायच्या रॅकसारखी स्टीलची जाळी पुरते. प्रत्येक ट्रेखाली आणि वर निदान 4 सेंटिमीटर मोकळी जागा, आणि भिंतीपासूनही दोन बोटे अंतर, म्हणजे गार हवा खाली उतरून ट्रेंमधून फिरू शकते.

आता भांडे कशाचे असावे? स्टीलमध्ये पटकन बर्फ होतो, प्लास्टिकमध्ये होत नाही, अशी समजूत घट्ट आहे. स्थिर हवेपुरता हिशेब असा: हवेचा अडथळा 0.1 (वरच्या 10 वॉटच्या आकड्याचा व्यस्त, म्हणजे एक भागिले दहा) धरला तर 2 मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकचा 0.01 आणि अर्धा मिलिमीटर स्टीलचा जवळजवळ शून्य. म्हणजे प्लास्टिकमुळे वेळ दहा टक्क्यांच्या आसपास वाढतो, एवढेच. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा कितीतरी पटींनी चांगले उष्णतावाहक असले तरी इथे त्याचा फायदा मिनिटांतच मोजावा लागेल. भांडे निवडताना धातूपेक्षा आकाराला पैसे द्यावेत. खाद्यपदार्थांसाठीचे, काठ बाहेर झुकलेले प्लास्टिकचे ट्रे दुकानाला पुरेसे आहेत आणि बर्फ काढताना ते जरा पिळताही येतात. खाऱ्या पाण्यात बुडवायचे असते तर गोष्ट वेगळी होती. तिथे प्लास्टिक फार महागात पडते.

झाकणाचे मात्र तसे नाही. डब्याचे झाकण आणि पाणी यांच्यात दोन-तीन सेंटिमीटर हवा कोंडलेली असते, तीच पांघरुणाचे काम करते. ट्रेचा वरचा पृष्ठभाग म्हणजे एकूण पृष्ठभागाच्या चाळीस टक्के. त्यावर असे पोकळ झाकण घातले की निम्मा फायदा गेला म्हणून समजा. पण उघडे ठेवले तर फ्रीझरमधला वास पाण्यात उतरतो आणि सरबताची चव बिघडते. खाद्यपदार्थांसाठीचा पातळ प्लास्टिकचा कागद पाण्याला टेकेल असा अंथरावा. मध्ये हवा राहत नाही आणि वासही लागत नाही.

खोली किती ठेवायची, हा या प्रकरणातला खरा निर्णय आहे. 40 बाय 25 च्या ट्रेत 3 सेंटिमीटर पाणी, म्हणजे 3 लिटर, भरले तर हिशेबाने आठ तास लागतात. चार ट्रेंमध्ये बारा लिटर बसतात आणि साडेआठ तासांत काम होते. कागदावर हे छान दिसते, पण आम्ही ते सुचवणार नाही. एकाखाली एक ठेवलेल्या ट्रेंपैकी मधल्यांना थंड भिंत दिसत नाही, शेजारचा ट्रेच दिसतो, त्यामुळे त्यांच्याकडून उष्णता कमी वेगाने जाते. त्यांच्यासाठी 10 ऐवजी 8 वॉट धरले की 3 सेंटिमीटरला दहा तास लागतात आणि मधले दोन ट्रे सकाळी कच्चे निघतात. 2.5 सेंटिमीटर खोली ठेवली तर 8 धरूनही साडेआठ तासांच्या आसपास काम होते, आणि 10 धरले तर सात तासांत. म्हणून पाच ट्रे, प्रत्येकी अडीच लिटर, एकूण साडेबारा लिटर. सकाळी तपासताना सगळ्यांत आधी मधला ट्रे काढून पाहावा. तो पक्का असेल तर बाकीचे असतातच.

मग 1 सेंटिमीटरचेच पत्रे का करू नयेत? कारण तिथे यंत्राची मर्यादा आडवी येते. साडेबारा लिटर पाणी साडेआठ तासांत गोठवायचे म्हणजे सरासरी 185 वॉट उष्णता बाहेर काढायची, आणि भिंतींतून, झाकणाच्या रबरातून झिरपणारी वेगळी. हा विजेच्या बिलावरचा आकडा नव्हे, फ्रीझरने उचलायची उष्णता आहे. पाणी पातळ पसरले की ते ही उष्णता कमी वेळात हवेत सोडते. कॉम्प्रेसर ती तेवढ्या वेगाने उचलू शकला नाही तर हवेचे तापमान चढते. हवा उणे 18 वरून उणे 12 वर आली की गोठायला दीडपट वेळ लागतो आणि पातळ थराचा सगळा फायदा त्यात जातो. ओळखायची खूण सोपी आहे. पाणी ठेवल्यावर तीन तासांनी ट्रेंच्या मध्ये लटकवलेला थर्मामीटर पाहावा. उणे 12 च्या वर असेल तर अडचण यंत्राची आहे, भांड्याची नाही. अशा वेळी पाणीच कमी करावे, निम्मे रात्री आणि निम्मे दुपारी. फ्रीझरच्या माहितीपत्रकात 24 तासांत किती किलो गोठवता येते हा आकडा पुष्कळदा दिलेला असतो. विकत घेताना लिटरपेक्षा तो पाहावा. 500 लिटर जागा आहे म्हणून 500 लिटरचा बर्फ होत नाही.

यंत्रावरचा भार हलका करायचा सगळ्यांत स्वस्त मार्ग म्हणजे पाणी आधी साध्या फ्रिजमध्ये ठेवणे. दुपारीच भरून ठेवलेले पाणी रात्रीपर्यंत 8 अंशांवर आले तर डीप फ्रीझरच्या कामातले सुमारे 19 टक्के वाचतात आणि एका ट्रेमागे अर्ध्या-पाऊण तासाची बचत होते. माठातल्या पाण्याचा तेवढा उपयोग नाही. मुंबईच्या दमट हवेत माठ फारसे पाणी उडवू शकत नाही, त्यामुळे दोन-तीन अंशांच्या पलीकडे फरक पडत नाही. उकळलेले पाणी तसेच गरम ठेवले तर लवकर गोठते, असेही कोणी सुचवते. टांझानियातल्या एरास्टो एम्पेम्बा या विद्यार्थ्याच्या 1963 मधल्या अनुभवावरून ही गोष्ट जगभर गेली आणि त्यावर अजून वाद आहे. दुकानापुरते एवढे निश्चित आहे की गरम पाण्याची जादा उष्णता त्याच कॉम्प्रेसरला उचलावी लागते, वाफेचे दहिवर भिंतींवर बसते आणि शेजारी ठेवलेला तयार बर्फ पाझरू लागतो. पाणी निववूनच ठेवावे.

रात्रीचा क्रम मग असा होतो. रिकामे स्टँड संध्याकाळीच आत ठेवून गार होऊ द्यायचे. ट्रे स्टँडवर आधी ठेवायचे आणि पाणी नंतर मापाच्या भांड्याने ओतायचे, अडीच लिटर मोजून. भरलेला ट्रे उचलून ठेवताना अर्धा लिटर सांडतो आणि तळाशी गोठून स्टँड चिकटवून टाकतो. ओतल्यावर चारही कोपऱ्यांतली खोली पट्टीने पाहायची. चाळीतल्या जुन्या फरशीला उतार असतो आणि फ्रीझरही तसाच तिरका उभा असतो. 40 सेंटिमीटर लांबीत एका टोकाला 2 आणि दुसऱ्याला 3 सेंटिमीटर पाणी असेल तर ट्रेचा वेळ ते खोल टोकच ठरवते. फ्रीझरच्या पायाखाली पातळ फळी सरकवून हे एकदाच सरळ करून घ्यावे. शेवटी कागद अंथरायचा, झाकण लावायचे आणि पहाटेपर्यंत उघडून बघायचे नाही.

फुटण्या-फुगण्याचे कारणही आकारातच आहे. गोठताना पाण्याचे आकारमान नऊ टक्के वाढते. सपाट ट्रेत ही वाढ वर निघून जाते, अडीचाचे पावणेतीन सेंटिमीटर होतात आणि संपते. उभ्या डब्यात आधी सभोवार आणि वर कवच धरते, आणि मधले पाणी शेवटी गोठताना त्याला जायला जागा उरत नाही. मग एकतर वरच्या थराला टेंगूळ येते नाहीतर डब्याचा तळ फुगतो. एकदा तळ फुगलेला डबा ओट्यावर डुगडुगतो आणि पुढे सांध्यातून पाझरू लागतो. अरुंद तोंडाच्या भांड्यात तोंडावरच बुच बसते, म्हणून कळशी तडकते. काचेची बाटली तर पाणी भरून फ्रीझरमध्ये कधीच ठेवू नये. भांडे कोणतेही असो, वर दहा टक्के जागा मोकळी हवी आणि ते तळाकडे किंचित निमुळते हवे. कारखान्यातले साचे निमुळते असतात ते लादी सहज घसरून बाहेर यावी म्हणून. ट्रेचे काठ बाहेर झुकलेले हवेत तेही याचसाठी. ट्रे साध्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद टेकवला की बर्फाचा पत्रा सुटतो. स्टीलच्या ट्रेवर दस्ता आपटू नये, पोचा आला की पुढे त्याच जागी बर्फ अडकतो.

भिंतींवरचे दहिवरही या हिशेबात धरायला हवे. मुंबईच्या दमट हवेत झाकण उघडले की बाष्प आत शिरते आणि नळीच्या भिंतीवर पांढरा थर धरतो. तो भुसभुशीत असल्याने उष्णता अडवतो. अर्ध्या सेंटिमीटरच्या वर गेला की फ्रीझर बंद करून वितळू द्यावा. सुरीने खरवडू नये. नळीला भोक पडले तर दुरुस्तीचा खर्च मोठा होतो.

एक अडचण पातळ पत्र्यांमुळे नव्याने उभी राहते. लवकर गोठणारा आकार लवकर वितळतोही, आणि कारण तेच, पृष्ठभाग. पाच पत्रे दुकानातल्या पेटीत सुटे ठेवले तर त्यांना 1.16 चौरस मीटर पृष्ठभागावरून गरम हवा लागते. तेच पाच एकावर एक घट्ट रचले तर फक्त 0.36 चौरस मीटर. म्हणून साडेसहाला पत्रे काढले की ओले होण्याआधीच जाड प्लास्टिकच्या पिशवीत गठ्ठा करून, वर गोणपाट घालून थर्माकोलच्या पेटीत ठेवावेत. पेटीच्या तळाशी जाळी असावी, म्हणजे वितळलेले पाणी खाली राहील आणि गठ्ठा त्यात बसणार नाही. दुपारच्या गर्दीसाठीचे दोन पत्रे डीप फ्रीझरमध्येच तळाशी, भिंतीला लागून ठेवावेत. उणे 18 अंशांना कोरडे पत्रे एकमेकांना चिकटत नाहीत. चिकटलेले दिसले तर ठेवताना ते ओले होते. पेल्यात टाकायला अडीच सेंटिमीटरचा पत्रा बत्त्याच्या दोन-तीन ठोक्यांत हव्या त्या आकारात फुटतो, त्यासाठी मोठी लादी फोडण्याचा टोचा लागत नाही.